स्टेंट बसलाय, वजन उचलायचं की नाही? उत्तर किलोत हवंय

काटेवाला · १२ मे, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. वय ५८, मुक्काम कोल्हापूर. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ३१ वर्षं काढली. बैलगाडी असो नाहीतर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, भरलेलं वजन वजा रिकामं वजन, पावती फाडायची, पुढची गाडी घ्यायची. त्यामुळे कुठलीही वस्तू बघितली की हिचं वजन किती असेल हेच आधी डोक्यात येतं. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

दोन वर्षांमागं ऐन हंगामात, डिसेंबरात, रात्रपाळीला छाती आवळल्यासारखी झाली. बाहेर थंडी आणि घाम असा की बनियन पिळावा. उसाच्या गाडीवाल्यांनीच दवाखान्यात नेलं. हृदयाच्या पुढची मोठी रक्तवाहिनी तुंबली होती. मनगटातून तार घालून एक स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला. त्यानंतर मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ५५ टक्के, बीपी गोळीवर १३४-८४च्या आसपास. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि नाडी संथ ठेवणारं मेटोप्रोलॉल चालू. रोज सकाळी रंकाळ्यावर ४० मिनिटं झपाझप चालतो. दम लागत नाही.

चालण्याचं ठीक चाललंय. घोडं अडलंय ते उचलण्यापाशी.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर 'जड वजन उचलू नये' असं एक वाक्य होतं. जड म्हणजे किती आणि किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. त्या वेळी विचारायचं राहिलं, पुढं विचारायची लाज वाटली. आता बघा, काट्यावरच्या माणसाला 'जड' हे माप कळत नाही, त्याला किलो लागतात. मग माझं मीच ठरवलं की काहीच उचलायचं नाही. पाण्याची बादली नाही, दळणाचा डबा नाही. नात दीड वर्षाची आहे, ११ किलो २०० ग्रॅम. तिला बसल्या जागी मांडीवर घेतो, उभ्यानं कधी उचललेलं नाही. ती हात वर करते आणि मी खाली बसतो.

गेल्या महिन्यात सिलिंडर आला. आत गॅस १४.२ किलो, रिकाम्या टाकीचं वजन कडीखाली छापलेलं असतं ते १५.६, एकूण २९ किलो ८००. पोऱ्या दारात टेकवून गेला. बायकोनं तो ओढत स्वयंपाकघरात नेला आणि मी शेजारी उभा राहून बेरीज करत होतो. तिची कंबर धरली, आठवडाभर आडवी. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मुलाला पुण्यात हे कळलं. त्यानं फोनवरूनच इथल्या एका जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले. पहिल्याच दिवशी तिथल्या ट्रेनरनं, वय फार तर २४, मला पायानं ढकलायच्या यंत्रावर बसवलं आणि ६० किलो लावले. "काका, श्वास रोखा, लावा जोर, अजून दोन, अजून दोन!" शेवटचं ढकललं आणि डोळ्यांपुढं काळोखी आली, कानात हलगी वाजायला लागली. बाकड्यावर दहा मिनिटं बसून घरी आलो. परत गेलो नाही.

आणखी एक गोष्ट मनात आहे. माझे वडील पैलवान होते. आमच्या पेठेतल्याच तालमीत वाढले. पहाटे हजार बैठका, पाचशे जोर, त्यावर हौदातली लाल माती खोऱ्यानं उकरायची. खासबागेत त्यांनी कुस्त्या मारल्यात. ६१व्या वर्षी हृदयानं गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, भिंती जाड झाल्यात. आई शेवटपर्यंत म्हणायची, "तालमीनं खाल्लं त्यांना."

तर वजनानं स्टेंट सरकतो का? बीपी चढून काही फुटतं का? बाबांसारख्या माझ्याही भिंती जाड होतील का? आणि चालतोय ते पुरेसं नाही का? जाणकारांनी सांगावं, किलोत सांगितलं तर उपकार होतील.

कंदीपेढा · १२ मे, रात्री ९:४८

काका, कशाला नसती उठाठेव? रंकाळा आहे, पाय आहेत, चाला. डंबेल हा पोरांचा खेळ. हृदयाला चालणंच लागतं, दंडाला बेटकुळी आली म्हणून हृदयाला काय फरक पडतो?

सिलिंडरवाल्याला वीस रुपये द्या, तो आत ठेवेल. विषय संपला.

लोखंडी_ठाणेकर · १२ मे, रात्री ११:२०

कंदीपेढा, विषय संपलेला नाही. :)

काका, आधी त्या ट्रेनरच्या वतीनं मी कान धरतो. मी ३३चा, पॉवरलिफ्टिंग करतो, आणि श्वास रोखणं हा आमच्या खेळाचाच भाग आहे. पोट फुगवून श्वास कोंडला की धड खांबासारखं घट्ट होतं, मणक्याला आधार मिळतो. दोनशे किलो जमिनीवरून उचलायचे तर हे लागतंच. पण ते आमच्यासाठी. स्टेंटवाल्या माणसाला पहिल्या दिवशी हे शिकवणं म्हणजे लायसन काढायला आलेल्याला घाटात ट्रक द्यायचा.

तुमच्याच त्या यंत्राची गोष्ट ऐका. १९८५ साली कॅनडात पाच बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत थेट नळी घालून, वजन उचलत असताना बीपी मोजलं. दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी आकडा निघाला ३२० वर २५०. एका गड्याचा तर ४८० वर ३५० पार गेला. दंडाला पट्टा बांधून हे कधी कळलंच नसतं. ही सगळी तरुण, धडधाकट माणसं होती, वजन जवळजवळ कमाल होतं आणि श्वास कोंडलेला होता. वजन खाली ठेवल्यावर काही सेकंदांत बीपी परत जागेवर. त्यांना काही झालं नाही. पण तुम्हाला काळोखी का आली, ते यावरून लक्षात येईल.

जिमच्या नावानं लोक घाबरतात त्याला आणखी एक कारण आहे, ते आमच्याच लोकांनी बोललं पाहिजे. स्टेरॉइडची इंजेक्शनं. २०१७ साली अमेरिकेत वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांची हृदयं तपासली. ८६ जण स्टेरॉइड घेतलेले, ५४ कधीच न घेतलेले. काकांनी ईएफ लिहिलाय ना, तोच आकडा स्टेरॉइडवाल्यांचा सरासरी ५२ आणि न घेणाऱ्यांचा ६३. लोखंड दोघांनीही उचललं होतं. म्हणजे खोट लोखंडात नाही. बाकी तुमच्या औषधांचं मला कळत नाही, ते कळणारं कुणीतरी येईलच.

फिजिओ_नाशिक · १३ मे, दुपारी २:०५

काटेवाला काका, किलोत उत्तर मागणारा पेशंट मला १४ वर्षांत पहिल्यांदा भेटला. हृदयाच्या रुग्णांचे व्यायाम घेणं हेच माझं काम. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवल्यानंतरच करायचं. जाताना एवढंच विचारा: "हलक्या वजनांचा व्यायाम सुरू करायचाय, आधी स्ट्रेस टेस्ट करायला हवी का?" (म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती.) यात लाजायचं काही नाही.

पहिलं, स्टेंट. ती धातूची जाळी फुग्यानं भिंतीत दाबून बसवलेली असते, आणि त्या फुग्यातला दाब हवेच्या दाबाच्या दहापटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतो. पुढच्या काही महिन्यांत रक्तवाहिनीचं आतलं अस्तर तिच्यावर चढतं, जाळी भिंतीचाच भाग होते. बादली उचलून ती सरकत नाही. कागदावरचं 'जड उचलू नये' हे बहुतेक वेळा मनगटातली तार घातलेली जागा भरून येईपर्यंत, म्हणजे थोड्या दिवसांसाठी असतं. तुम्हाला झटकाही आला होता, म्हणून त्यात आणखी काही आठवडे धरू. बायपासवाल्यांचं छातीचं मधलं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, त्यांचं वेगळं. तुम्ही काही आठवड्यांची सूचना दोन वर्षं पाळलीत. चूक तुमची नाही, ज्यानं आकडा न लिहिता वाक्य लिहिलं त्याची आहे. आमच्या क्षेत्रात हे सर्रास होतं आणि मला त्याचा राग येतो.

दुसरं, काळोखी. स्नायू करकचून आवळला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, हृदयाला जास्त जोरानं ढकलावं लागतं, बीपी चढतं. त्यात श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. मग तुम्ही श्वास सोडता, जोर सोडता, आणि बीपी एकदम खाली येतं. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. हलगी तेव्हा वाजली. त्यात मेटोप्रोलॉल नाडीला धावू देत नाही. या श्वास कोंडण्याला आम्ही वाल्साल्वा म्हणतो. हा इटलीतल्या बोलोन्याचा वैद्य. १७०४ साली त्यानं कानावरच्या ग्रंथात हे वर्णन केलं, कानातला पू बाहेर काढायला! हृदयाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आणि वाल्साल्वा फक्त जिममध्ये होत नाही. स्कूटर डबल स्टँडवर चढवताना, गंजलेलं झाकण उघडताना, संडासात कुंथताना तुम्ही तेच करता. 'काहीच उचलत नाही' असं म्हणणारी माणसं दिवसातून पाच वेळा हे करून बसतात.

आता कंदीपेढा यांचा मुद्दा, बेटकुळीनं हृदयाला काय फरक पडतो. पडतो. समजा भरलेली बादली १५ किलोची आहे आणि तुमची ताकद जेमतेम २० किलोची. मग ती बादली म्हणजे तुमच्या ताकदीचा पाऊण हिस्सा, बीपी तेवढं उडणार. ताकद ३० किलोची झाली की तीच बादली निम्म्यावर येते. बादली तीच, पण हृदयावरचा ताण उतरला. शिवाय जेवणानंतरची साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार स्नायूच आहे, आणि पन्नाशीनंतर ते वापरलं नाही तर लहान होत जातं.

आकड्यांचं म्हणाल तर अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२३च्या अखेरीस याबाबतचं निवेदन काढलं. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा १७ टक्क्यांनी कमी दिसतो, आणि त्यासाठी आठवड्याला ३० ते ६० मिनिटं पुरतात. बसल्या जागचं बीपी सरासरी वरचं ४ आणि खालचं २ नं उतरतं. यातले धोक्याचे आकडे माणसांचं निरीक्षण करून काढलेले आहेत. वजन उचलणारा माणूस बिडीही कमीच ओढत असणार, हे विसरायचं नाही. म्हणून मला दुसरा अभ्यास जास्त पटतो. २०२४ साली अमेरिकेतल्या आयोवात ४०६ जणांना, वजन जास्त, बीपी वाढलेलं, वय ३५ ते ७०, वर्षभर व्यायाम दिला. आठवड्याला तीन दिवस, एक-एक तास. काहींना नुसतं चालणं-सायकल, काहींना नुसती वजनं, काहींना अर्धा-अर्धा तास दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. हृदयाच्या एकूण धोक्याचा हिशोब नुसत्या वजनांनी उतरला नाही. नुसत्या चालण्या-सायकलीनं उतरला, आणि अर्ध्या-अर्ध्यानंही जवळपास तेवढाच उतरला, वर ताकदही वाढली. म्हणजे रंकाळा सोडायचा नाही. त्यातले दोन दिवस थोडं चालणं कापून तिथं वजनं घालायची.

घ्या आता किलो. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, १० वेळा. वजन म्हणाल तर तुमचं स्वतःचंच, तेच सगळ्यात जास्त भरेल. भिंतीवर हात टेकून जोर काढायचे, १० वेळा. पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली म्हणजे २ किलो, ती कोपरात वाकवून उचलायची, मग तशीच खांद्यापासून वर. बाजाराच्या पिशवीत ४ किलो ज्वारी घालून, वाकून, कोपर मागं नेत पोटाकडं ओढायची. टाचा उचलायच्या. प्रत्येकाचा एकच फेरा, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. आधी पाच-सात मिनिटं चालून अंग तापवायचं, नंतर एकदम बसायचं नाही, आडवं तर मुळीच नाही.

जड किती, याचं माप तुमच्या अंगातच आहे. १२-१५ वेळा केल्यावर 'अजून तीन-चार जमले असते' असं वाटलं तर वजन बरोबर. 'आता एकच निघेल' असं वाटलं तर जास्त. नाडी मोजू नका, मेटोप्रोलॉलमुळे ती खोटी पावती देते. तीन आठवडे सलग सोपं गेलं तर बाटलीत वाळू भरा, तीच बाटली ३ किलोच्या वर जाते. आणि श्वास: उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. हे लक्षात राहत नाही, म्हणून मोठ्यानं आकडे मोजायचे. तोंडानं आकडा म्हणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

छातीत आवळलं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, चक्कर आली, धडधड वाढली की तिथंच थांबायचं. आणि बसल्या जागी बीपी १८०-११०च्या वर असेल, विश्रांतीतही छाती दुखत असेल, हृदयाची मुख्य झडप फार अरुंद झाली असेल किंवा पायांवर सूज चढत असेल, तर यातलं काहीही करायचं नाही, आधी डॉक्टर गाठायचा.

काटेवाला · १३ मे, रात्री ८:३०

ताई, दोनदा वाचलं, मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'काही आठवड्यांची सूचना दोन वर्षं पाळलीत' इथं ती हसली आणि मग उठून आत गेली.

एक विचारतो. हल्ली भिंतीला पाठ लावून हवेत खुर्चीसारखं बसायचा व्यायाम व्हॉट्सॲपवर फिरतोय, बीपीवर रामबाण म्हणे. खरं आहे का? आणि बाबांच्या हृदयाबद्दल कुणी काही बोललं नाही.

फिजिओ_नाशिक · १३ मे, रात्री १०:१०

रामबाण नाही, पण थापही नाही. २०२३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी २७० चाचण्या एकत्र करून बघितल्या. जागच्या जागी ताण धरून ठेवायच्या व्यायामांनी बीपी सरासरी ८ आणि ४ नं उतरलं. चालण्या-धावण्यानं साधारण साडेचार आणि अडीच. पण भिंतीला टेकून दोन मिनिटं तसं बसताना माणसं हमखास श्वास कोंडतात, आणि तुमच्या वयाचे गुडघेही तक्रार करतात. पहिले दोन महिने नको. नंतर डॉक्टरांना विचारून, आधी अर्धा मिनिट.

रजेवरचा_वैद्य · १४ मे, सकाळी ७:५५

वडिलांबद्दल मी थोडं सांगतो. मेडिसिनचा आहे, ३० वर्षं प्रॅक्टिस झाली.

१९७५ साली अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंची हृदयं सोनोग्राफीच्या तंत्रानं तपासली. धावपटू आणि पोहणाऱ्यांचे कप्पे रुंद झालेले दिसले, तर गोळाफेकवाले आणि, तुम्हाला गंमत वाटेल, कुस्तीगीर, यांच्या भिंती जाड. तेव्हापासून 'पैलवानाचं हृदय जाड' हे पुस्तकात आलं. पुढच्या अभ्यासांत मात्र ही विभागणी इतकी सरळ राहिली नाही. नुसत्या वजनांनी येणारी जाडी बेताची असते. १३ मिलिमीटरच्या वर भिंत गेली तर आम्ही व्यायामाला दोष न देता आधी बीपी शोधतो, नाहीतर घराण्यात चालत आलेला जाड भिंतींचा आजार.

म्हणून दोन प्रश्न. वडिलांना बीपी होतं का? आणि तुमच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'आयव्हीएस' (डाव्या-उजव्या कप्प्यांमधली भिंत) असं लिहिलेलं असतं, त्यापुढचा आकडा किती?

काटेवाला · १४ मे, सकाळी ९:३०

डॉक्टरसाहेब, रिपोर्ट फाइलमधून काढला. आयव्हीएस १० मिलिमीटर. दोन वर्षं तो कागद घरात आहे आणि मी फक्त ईएफ वाचत होतो.

बाबांचं सांगतो. तिशी उलटल्यावर त्यांनी तालीम सोडली, पण खुराक सोडला नाही. दूध, तूप, बदाम, मटण, सगळं तसंच, आणि मेहनत शून्य. अंग सुटलं. पन्नाशीत कारखान्याच्या आरोग्य शिबिरात बीपी सापडलं. किती ते आठवत नाही, पण तपासणारी नर्स दुसऱ्या नर्सला बोलवायला गेली होती एवढं आठवतं. गोळ्या आणल्या, फडताळात ठेवल्या. "गोळी खाणारा पैलवान कसला," म्हणायचे. ११ वर्षं एकही गोळी घेतली नाही.

हे लिहिताना जरा थांबलो. आई तालमीला दोष द्यायची तेव्हा त्या गोळ्या फडताळातच होत्या.

रजेवरचा_वैद्य · १४ मे, सकाळी ९:५२

१० म्हणजे ठीक. वडिलांच्या बाबतीत इतक्या वर्षांनी निकाल देता येत नाही, पण ११ वर्षं मोकाट सोडलेलं बीपी एकट्यानंही भिंती जाड करायला पुरतं. तालमीवर खटला चालेल इतका पुरावा मला दिसत नाही. तुमची गोळी मात्र चुकवू नका.

डोंबिवलीची_आत्या · १४ मे, दुपारी ४:४०

मी ६६ची, २०१९ साली बायपास झाली. तीन महिने छातीशी उशी धरून खोकले. नंतर वर्षभर सून मला कोथिंबिरीची जुडीसुद्धा उचलू देईना. मग एकदा लोकलमध्ये चढताना दांडा हातातून सुटला. पडले नाही, मागच्या बायकांनी धरलं, पण मनगटात जीवच नव्हता. त्या दिवशी ठरवलं.

रबरी पट्टा घेतला, खिडकीच्या गजाला बांधून ओढते. आता भाजीच्या दोन पिशव्या, एकेक ३ किलोची, स्टेशनवरून घरी. दोन्ही हातांत सारखं वजन, एका हातात नाही.

आणि भाऊ, सिलिंडर उचलायचाच नसतो! तिरका करायचा आणि बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचा. चाकांचा स्टँड मिळतो तोही चांगला. मुळात पोऱ्यानं तो स्वयंपाकघरात आणून द्यायचा असतो, आत बोलवायला लाजू नका.

फिजिओ_नाशिक · १४ मे, संध्या. ६:१५

आत्या, मनगटाचं बरोबर ओळखलंत. २०१५ साली भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठीची पकड मोजून चार वर्षं मागोवा घेतला होता. पकड दर ५ किलोंनी कमी असेल, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. वरच्या बीपीपेक्षाही पकडीचा अंदाज बरोबर निघाला. म्हणून कुणी रबराचा चेंडू दाबत बसू नका. पकड हा काटा आहे, तो अख्ख्या अंगाची ताकद दाखवतो. काट्यावर बोट ठेवून वजन वाढत नाही, हे काकांना सांगायला नको.

काटेवाला · २० जुलै, रात्री ९:००

बोट नव्हे, लोक काट्यावर पाय ठेवायचे. ३१ वर्षांत सगळे प्रकार बघितलेत.

हिशोब देतो. १९ मे रोजी डॉक्टरांकडे गेलो, ताईंनी लिहिलेलं दाखवलं. त्यांनी स्ट्रेस टेस्ट केली, ठीक आली. "सुरू करा, आणि जड म्हणजे किती ते मी तेव्हा सांगायला हवं होतं," एवढं म्हणाले. मोठा माणूस.

२२ मेपासून सोमवार आणि गुरुवार. वही घातलीय. सुरुवातीला २ किलोची बाटली, आता वाळू भरून ३ किलो ४००. पिशवीत ज्वारी ४ किलो होती, ती ६ झाली. खुर्चीतून उठणं १० वरून १५. मधे एक आठवडा ताप होता, तेव्हा काही केलं नाही. पावसात रंकाळा बंद, म्हणून जिन्यानं वर-खाली करतोय. बीपी रोज सकाळी त्याच खुर्चीत, त्याच हाताला घेतो. गेल्या सात दिवसांची सरासरी १२८-८०. गोळी तीच. पण याच काळात बायकोनं पानातलं लोणचं-पापड बंद केलंय, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी लिहिणार नाही. काट्यावर दोन गाड्या एकदम चढल्या तर कुणाचं किती ते कळत नाही.

स्कूटर अजून साइड स्टँडवरच लावतो. सिलिंडर दोनदा आला, दोन्ही वेळा आत्यांच्या पद्धतीनं कडेवर फिरवत मीच आत नेला. बायको मागून "अहो सावकाश, सावकाश" करत होती, फरशीचीच काळजी जास्त.

आकडे मोठ्यानं मोजतो. पण जन्माची सवय, मापाला 'एक' म्हणत नाही. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, तसंच तोंडात येतं. लाभ, दोन, तीन. गेल्या रविवारी मुलगा-सून आले होते. नात आता १२ किलो ५० ग्रॅम. दारातच हात वर करून उभी राहिली. गुडघे वाकवले, तिला छातीशी घेतली, मोठ्यानं 'लाभ' म्हणालो आणि उभा राहिलो. कानात हलगी नाही, डोळ्यांपुढं काही नाही, फक्त तिची टाच बरगडीत. सुनेनं व्हिडिओ घेतलाय, त्यात माझं तोंड कसंतरीच दिसतंय.

आता ती दर पाच मिनिटांनी येते, हात वर करते आणि 'लाब' म्हणते.

कंदीपेढा · २० जुलै, रात्री ९:२५

काका, तिला 'दोन' शिकवू नका हं. कंबर जाईल.

आणि हो, त्या दोन लिटरच्या बाटलीत वाळू ओली भरायची की कोरडी? आमच्या मामांसाठी विचारतोय.